१८,४१२ किलोमीटर फक्त

१ एप्रिल
हिवाळा संपला. गाडीवरची चादर काढली. तेहतीस वर्षांची स्पोर्ट्‌स कार, चाललीय फक्त १८,४१२ किलोमीटर! अख्ख्या एस्लिंगेन शहरात असं इंजिन नाही. १० मेला लेकीचं, स्वेन्याचं लग्न. पोरगी सात वर्षांची असताना शब्द दिलाय, लग्नाला याच गाडीतून नेईन. संकल्प: तोवर इंजिन सुरू करायचं नाही. चालवलं की झिजतं.

९ एप्रिल
शेजारच्या हेबर्लेबाई हेच मॉडेल घेऊन रोज पाव आणायला जातात. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर! इंजिनाचे हाल बघवत नाहीत. वर मलाच सांगतात, जरा फिरवून आणा. मी म्हटलं, तुम्ही वापरता, मी जपतो.

२७ एप्रिल, रविवार
गाडी ढकलत अंगणात आणली. पॉलिश. ढकलत आत. कंबर धरली. इंजिन वाचलं.

३ मे
स्वेन्या म्हणाली, एकदा सुरू करून बघू या ना. काहीतरीच. तेल बदलून चारशेच किलोमीटर झालेत. (बारा वर्षांत.) म्हणजे तेल नवंच. ती मान हलवून घरात गेली. पटलं असावं.

७ मे
गाडीखाली तेलाचा डाग. तळहाताएवढा. खाली पुठ्ठा सरकवला, आता दिसत नाही. झोप येत नाहीये. कॉफी कमी करायला हवी.

१० मे, सकाळी ९.१०
अकराला लग्न. किल्ली फिरवली. खोकली. पुन्हा फिरवली. सुरू झाली! मग निळा धूर, जळका वास, फरशीवर तेलाचं थारोळं. बंद केली. पांढऱ्या ड्रेसमध्ये स्वेन्या दारात उभी.

९.४०
मेकॅनिक फोनवर म्हणाला, "उभी ठेवून ठेवून रबरी सील वाळलेत, साहेब. इंजिन वापरात हवं." पोरगेलासा आवाज. अनुभव काय असणार त्याला?

१०.०५
हेबर्लेबाईंनी त्यांच्या गाडीची किल्ली पुढे केली. "घ्या, लुट्झनर. तुम्हीच न्या पोरीला."
नाही म्हटलं. तीन लाख चाळीस हजारांच्या इंजिनाचा काय भरवसा?

संध्याकाळी
बाईच घेऊन गेल्या तिला. गाडीत दोनच सीट, म्हणून मी बसने. पोचलो तेव्हा लग्नाच्या रजिस्टरवर सह्या झाल्या होत्या. त्यांची गाडी बाहेर उभी, धुराचा मागमूस नाही.
स्वेन्या चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, गाडी कुठलीही चालली असती. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं."
घरी येऊन गॅरेजमध्ये बसलो. खूप रडलो. मग आकडा बघितला. १८,४१२.