काडतुसं मीच भरणार

३ सप्टेंबर
ठरलं! काडतुसं मीच भरणार.
आज माझा दीर लायल आला नि थेट गॅरेजात शिरला. ऑर्विलचं काडतुसं भरायचं प्रेस, काटा, साचे, सगळं न्यायला. "वहिनी, याला आता हात कोण लावणार? दादानं चुकून काडतुसात दुप्पट बंदुकीची दारू भरली, क्लबात सगळ्यांना माहीत आहे. नशीब, एका डोळ्यावर निभावलं."
ऑर्विल शेजारीच उभा. चाळीस वर्षं काडतुसं भरणारा माझा नवरा. मार्चमध्ये रायफल तोंडावर फुटली, तेव्हापासून मान खाली ती खालीच.
म्हटलं, "मी लावणार हात."
हसला मेला. "सूप नव्हे ते, मीठ कमी-जास्त चालायला!"

७ सप्टेंबर
ऑर्विलचं पुस्तक वाचतेय. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, साच्यात दाबून मापात आणायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, मग दारू, वर गोळी. वाचायला सोपं! तीन पुंगळ्या साच्यात अडकवून बसले. ऑर्विल दारात येऊन उभा राहिला. "तेल लाव," एवढंच म्हणाला नि गेला.

१२ सप्टेंबर
प्रेसचा दांडा ओढून खांदा भरून आलाय. सोडणार नाही.

१९ सप्टेंबर
आज पहिल्यांदा दारू भरली. एका मापातच पुंगळी गळ्याशी आली. मुद्दाम दुसरं माप ओतलं — सगळं टेबलावर सांडलं. मावतच नाही!
मग दुप्पट भरली कशी?
लायलला फोन केला. "येऊन बघ."
"दोन आठवड्यांत तू मला शिकवणार, वहिनी?"
शिकवणार!

२६ सप्टेंबर
क्लबाच्या मैदानावर माझी पहिली वीस काडतुसं. लायल नि त्याचे सोबती चार पावलं जास्तच लांब उभे! ऑर्विलच्या दुसऱ्या रायफलीतून वीसही झाडली. रायफल शाबूत, मी शाबूत. शेवटच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत.
"वारा नव्हता आज," लायल म्हणाला.
मी सगळ्यांदेखत सांगितलं — दुप्पट दारू त्यात मावत नाही, ऑर्विलचा हात चुकला नव्हता.
"मग फुटली कशी?" कुणीतरी विचारलं.
शोधणार.

२ ऑक्टोबर
रंगाच्या डब्यांमागे सापडला. ऑर्विलचा दारूचा डबा, चिकटपट्टीनं गच्च गुंडाळलेला. कागदावर ओतला. रायफलीच्या दारूच्या बारीक कांड्या, नि त्यांत काळ्या चकत्या. पिस्तुलाची दारू! भसकन पेटून रायफल फोडणारी. पुस्तकात ठळक अक्षरांत आहे — एक दारू दुसरीत कधीही मिसळू नये.
ऑर्विल हे करणार नाही. लायलला तेव्हा या घराची किल्लीही नव्हती. मग —
फेब्रुवारी. माझी बहीण राहायला येणार होती. गॅरेज मी आवरलं. मापाच्या नळकांड्यात थोडी दारू उरली होती, ती शेजारच्या डब्यात ओतली. झाकण लावलं. टेबल पुसलं.
मी.

३ ऑक्टोबर
डबा ऑर्विलपुढे ठेवला. "माहीत होतं तुला?"
"दवाखान्यातून आलो त्याच दिवशी पाहिलं नि डबा लपवला. नळकांड्यात पिस्तुलाची दारू तशीच सोडून मीच उठलो होतो, ग्वेन. तुला काय ठाऊक असणार?"
शनिवारी क्लबात सगळं सांगणार आहे. तो नको म्हणतोय. सांगणार!