दादाची दोन वाक्यं

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. आम्ही दोघे भाऊ मजेत आहोत. दादाचा गुडघा बरा आहे, जिना उतरताना तेवढा कुरकुरतो. तुझे डोळे कसे आहेत?

अगं, दादा नट झाला! वीस वर्षं सिनेमात नटांच्या बदली उड्या मारल्या, काल मात्र मुलाला निरोप देणारा बाप झाला. आगीतून धावणारा हा गडी, दोन वाक्यं बोलायची म्हणताच घामाघूम! "त्यापेक्षा गच्चीवरून उडी मारतो," म्हणाला. मग असा बोलला, की दिग्दर्शकही डोळे पुसत होते.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"मी घर सोडलं, तेव्हा बाबा दारात असेच उभे होते."

हे बाबांना वाचून दाखव. ऐकायचं नाही म्हणाले, तरी वाच.

तुझ्या दोन लेकांतला धाकटा