बुरुजावरचा दिवा

चौल, पौष, शुक्रवार, १९५४

खंडकाव्य अडलंय ते अडलंयच. शत्रूची गलबतं बंदरात शिरू नयेत म्हणून नाखव्याची लेक बुरुजावरचा दिवा विझवायला निघालीय, आणि त्याच दिव्याच्या भरवशावर तिचा बाप परत येतोय. आज सुपारी सोलताना तिथवर वाचून दाखवलं. माझ्या लिहिण्याला रिकामा उद्योग म्हणणाऱ्या जाऊबाईंचा हात थांबला. “मग गं? विझवते?”

“पुढचं लिहिलं नाही अजून.”

चक्क रागावल्या. सुपारी हातात तशीच.

विझवते! ही दंतकथा चौलात पोरासोरांनाही पाठ आहे. जाऊबाई तर इथल्याच. मग विचारलं कशाला?

आत्ता तुळशीपाशी दिवा लावून आल्या, म्हणाल्या, “तिला विझवू देऊ नकोस हं.”

शेकडो वर्षांपूर्वी विझलेला दिवा, आणि जाऊबाईंना वाटतं, तो माझ्या हातात आहे.

आहेच मुळी!