काळीज कुठलं?

आई, काळीज म्हणजे नक्की कुठलं, हे आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. मेलेल्या माणसांची हृदयं उघडून बघायची माझी नोकरी, तरी त्या शब्दापाशी मी अजून अडते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. सांगलीला डॉक्टरकी शिकायला जाऊन मला वर्षही झालेलं नाही. सुट्टीला एसटीनं घरी आलेय म्हणून तू विळीवर बकऱ्याचं काळीज चिरतेयस. मध्येच थांबतेस, उजव्या बरगडीखाली दाबून धरतेस. "हितं काळजात लय दुखतंय गं." माझ्या अंगात नवं नवं शिक्षण! "आगं आई, काळीज डावीकडं असतं. मी कापून बघितलंय." तू हातातला तुकडा माझ्या नाकापुढं धरलास. "मग ह्ये काय हाय? लय शिकलीस म्हून काळजाची जागा बदलती व्हय?" आणि माझा हात ओढून त्या दुखऱ्या जागी ठेवलास. "पित्त झालंय तुला," म्हणत मी हसले. दिवाळीच्या आधीच तू गेलीस.

पुढच्या वर्षी सरांनी आमच्यापुढं दोन बरण्या मांडल्या. एकीत एका बाईचं हृदय, त्यातली झडप आवळून गुंडीच्या काजाएवढी झालेली. दुसरीत तिचंच यकृत, आतून थेट कापलेलं जायफळ, तू सहाणेवर उगाळायचीस तसलं. सर सांगत होते, लहानपणी सांधे सुजून ताप येतो, तो झडपेला धरतो. वाट अरुंद झाली की रक्त मागं तुंबतं, आधी फुफ्फुसात, मग यकृतात. पाय सुजतात, यकृत फुगून कडक होतं, उजव्या बरगडीखाली दुखतं. मला तुझ्या बोटांत रुतलेली जोडवी आठवली. लहानपणी सांधे धरले म्हणून तुला एरंडाची पानं बांधायचे, तेही तूच सांगितलेलं. म्हणजे दुखणं दोन्ही काळजांचं होतं की गं, मी म्हणत होते त्या हृदयाचं आणि तू चिरत होतीस त्या यकृताचंही! पोरं वह्या भरत होती, मी बरणीला नाक लावून उभी.

तुझी झडप किती उरली असेल? बोट जाईल एवढी, का नुसती पेन्सिल? अजूनही कुठलंही हृदय हातात आलं की मी आधी तेच बघते. तुझं बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटते.

हे पत्र टाकणार कुठं? मसाल्याच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू माझा हात ठेवलास तिथं बोटांना काहीतरी कडक लागलं होतं. काय ते मला कळलं नाही, आई. म्हणून हसले.