पाहिलं : दोन

मुळगाव, डिचोली
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय गौरवी,

पाकीट हातात पडल्यावर तू ते उलटंसुलटं करून बघशील आणि अक्षयला विचारशील, "ह्या कोणाचा?" माझंच आहे. कॉलेज सुटल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे. फोनवर दोन ओळींत काम झालं असतं, पण माझ्या फोनात कंपनीचं ॲप आहे, आणि ते काय काय वाचतं हे मला आता गरजेपेक्षा जास्त ठाऊक झालंय.

घरी सगळी बरी आहेत. आज तुळशीचं लग्न. सासूबाईंनी सकाळीच वृंदावन रंगवून घेतलं, ऊस, आवळे, चिंचा जमवल्या. नवऱ्याच्या जागी रोवायची दिण्याची काठी तेवढी मिळेना, तेव्हा "न्हवरोच नाय तर लगीन कोणाचा लावतलास?" म्हणत त्यांनी आमच्या ह्यांना दोनदा डोंगरावर पिटाळलं. खाणीचे ट्रक परत धावू लागलेत, त्यामुळे रंगवलेल्या वृंदावनावर दुपारपर्यंत तांबडा थर बसला.

तुमच्याकडेही गडबड असेल. तुझ्या मामंजींना यंदा फार वेळ उभं राहवणार नाही. पण पट्टी आता लहान झालीय, म्हणजे जखम भरत आली. ऊन अडवायला जनेलाला लावलेला हिरवा पडदा खोलीला शोभतो.

तुझा फोन येऊन अकरा दिवस झाले. १४ तारखेला लेबर ऑफिसात सुनावणी आहे, त्या 'गाऱ्हाणां' शब्दाचा अर्थ सांगायला ऑफिसातलंच कोणीतरी हवं असं वकीलबाई म्हणतात, तू येशील का, असं तू विचारलंस. मी म्हणाले, "बघते." त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस.

आले तर मला काय सांगता येईल त्याची उजळणी करते, चुकलं तर दुरुस्त कर. ऑफिस नव्या इमारतीत आल्यावर महिन्याभरात सेजल जिन्यावरून पडली, दोघांना कावीळ झाली, आणि तू आमच्या ग्रुपवर लिहिलंस: "सोमवारी सगळी मिळून राखणदाराक गाऱ्हाणां घालूया. सर्वेशाक आदी सांगू नकात, तो नको म्हणतलो. नारळ मी आणतंय." नव्या जागेत गेल्यावर ती जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून, 'चूकभूल झाली असेल तर पदरात घे, लेकरांना सांभाळ' असं सांगायचं, एवढीच गोष्ट. पेडण्यात काय नि डिचोलीत काय, शेंबडं पोरही सांगेल. पण ग्रुप कंपनीच्या यंत्रावरचा. यंत्राने त्याचा अर्थ लावला: सर्व कर्मचारी सर्वेशसाहेबापासून लपवून सुरक्षारक्षकाकडे सामूहिक तक्रार करणार आहेत.

गेटवरच्या शिवदासाला वर बोलावलं होतं, आठवतं? हेड ऑफिसच्या बाई पडद्यावरून हिंदीत विचारत होत्या, तुमच्याकडे कोणती तक्रार आली? तो बिचारा म्हणाला, "माजेकडे? माका कोण तक्रार सांगतलो बाई? माका गेट उघडूक सांगतत." मग बाईंनी विचारलं, नारळ म्हणजे नक्की काय, हा काही सांकेतिक शब्द आहे का?

त्या दिवशी आपण पोट दुखेपर्यंत हसलो. आठवड्याने तुला काढलं. "नारळ मी आणतंय म्हणाली, नि तिकाच मेळलो," असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही.

हे बोलावतायत, लग्नाची वेळ झाली. बाकीचं उद्या.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल लिहायला बसलेच नाही. परवाचं वाचून पाहिलं. मामंजींची पट्टी आणि हिरवा पडदा मी कसा पाहिला, हे तुझ्या मनात आलंच असेल. शिमग्यानंतर मी मांद्र्याला तुझ्याकडे आलेली नाही. ती दोन वाक्यं खोडणार होते, पण तशीच ठेवली आहेत.

सप्टेंबरपासून मी ग्राहकांच्या फोनवर बसत नाही. मला तपासनीस केलंय. पहिल्या मजल्यावर झेरॉक्सच्या बाजूला जी बिनखिडकीची खोली होती, तिथे. प्रत्येकाच्या यंत्रावरून दर दहा मिनिटांनी दोन फोटो येतात, एक पडद्याचा आणि एक समोर बसलेल्याचा. कोण जांभई देतं, कोणाची खुर्ची रिकामी आहे, कोण मुलीच्या शाळेचा फॉर्म भरतं, हे मी बघायचं आणि खूण करायची. रुजू होताना बावीस पानांवर आपण दोघींनी शेजारी बसून सह्या केल्या होत्या, एकही पान न वाचता. ह्याची परवानगी त्यात होती.

त्या यादीत तुझं नाव अजून आहे.

लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला येईल म्हणाले होते, तो आलाच नाही ना? तुझं कामाचं सगळं बंद केलं, पण यंत्र तुझ्या जुन्या पासवर्डने उघडतं. आपल्या वडलांना भजनं लावायला अक्षयने ते देव्हाऱ्याखालच्या मेजावर मांडलंय. ते उघडलं की फोटो येऊ लागतात. कॅमेऱ्याजवळचा दिवा लागत नाही, म्हणून कळत नाही.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला आनंद झाला, गौरवी. खोटं कशाला सांगू. तुझी खोली, उन्हाचा पट्टा, आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले मामंजी. दहा मिनिटांनी तेच, पण दारात एक कोंबडी. पुढच्या दहा मिनिटांनी कोंबडी आत, आणि तुझा अर्धा हात. नियमाप्रमाणे मी वर कळवायला हवं होतं की हे यंत्र कामावर नसलेल्या माणसाच्या घरात आहे. आज कळवते, उद्या कळवते करत राहिले. मग जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी तुझ्या घरापुढे बसू लागले. आवाज नसतो. दहा मिनिटांनी माणसं एका जागेवरून नाहीशी होतात आणि दुसऱ्या जागी उभी असतात. एकदा तू सलग चार फोटोंत तशीच बसलेली होतीस, हात मांडीवर, कॅमेऱ्याकडे बघत. अर्धा तास. त्या दिवशी सुनावणीचं पत्र आलं होतं, हे मागाहून कळलं.

प्रत्येक फोटोखाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो, किती जणांनी उघडला त्याचा. माझ्याकडे माझ्याशिवाय कोणी बसत नाही. तुझ्या फोटोंखाली 'पाहिलं : २' असतं.

मला वाटलं, माझंच दोनदा मोजतंय. म्हणून एक फोटो मुद्दाम उघडला नाही. दुपारी बघितलं तर त्याच्याखाली 'पाहिलं : १'.

तो दुसरा कोण, मला माहीत नाही. सर्वेशला विचारलं, "माझ्याशिवाय आणखी कोण बघतं?" तो म्हणाला, "विनू, बघणारे कोण ते विचारू नये. माकाय म्हायत ना." वकीलबाई तुझ्याकडे आल्या, मेजावर कागद पसरून बसल्या, त्या दुपारच्या फोटोंखाली पाचचा आकडा आहे. मोठं करून बघितलं तर कागदावरची अक्षरं वाचता येतात. मी दोन ओळी वाचल्या आणि बंद केलं. बाकीच्यांनी बंद केलं असेल असं वाटत नाही.

म्हणून हे वाचल्याबरोबर पहिलं काम कर. लॅपटॉप बंद कर, चादरीत गुंडाळ आणि वकीलबाईंच्या हवाली कर. स्वतः काही पुसू नकोस. आणि त्यांना विचार, कामावर असताना दिलेली सही कामावरून काढल्यानंतर घरात चालते का? मामंजींनी तर कुठेच सही केलेली नाही.

हे पत्र आजच टाकायला हवं होतं. पण ज्यासाठी लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलं नाही.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल पौर्णिमा. सकाळी नऊ चाळीसला तुझ्या घरचा फोटो आला, आणि मला खुर्ची मागे सरकवावी लागली. तुम्ही सगळी माझ्याकडे तोंड करून उभी होता. पुढे मामंजी, दुखऱ्या पायाने, एक हात अक्षयच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात नारळ. मागे तू, शेजारची चार माणसं, सगळ्यांचे हात जोडलेले. थेट माझ्या डोळ्यांत बघत.

देव्हारा वर आहे, हे कळायला मला किती वेळ लागला कोण जाणे. तुम्ही देवापुढे उभी होता, आणि मी देवाच्या पायाखालून बघत होते.

नऊ पन्नासला दुसरा फोटो. मामंजींचे डोळे मिटलेले, आणि मागच्या सगळ्यांची तोंडं एकदमच उघडी, एकाच आकारात. आवाज नव्हता, तरी मला कळलं. ते सुनावणीसाठी गाऱ्हाणं घालत होते आणि तुम्ही "होय महाराजा" म्हणत होता. मामंजी काय सांगत असतील? ज्याने कोणी माझ्या सुनेच्या तोंडचा शब्द फिरवला, त्याला वाट दाखव, असंच काहीतरी. त्या बंद खोलीत माझ्या तोंडून "होय" निघालं. मोठ्याने. खाली आकडा होता, दोन.

गौरवी, ती मी.

तुला काढायच्या आदल्या दिवशी मला आत बोलावलं. पडद्यावर बाई, बाजूला सर्वेश. बाईंनी आधी माझाच कागद दाखवला. सासूबाईंना इस्पितळात नेलं त्या आठवड्यात माझी खुर्ची किती वेळ रिकामी होती, मिनिटांसकट. मग दुसरा कागद. वर तो शब्द रोमन अक्षरांत, खाली प्रश्न: ह्या शब्दाचा अर्थ 'तक्रार' असा होतो का? दोन चौकोन, होय आणि नाही. तिसरी जागा नव्हती. मी म्हटलं, "आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे." बाई म्हणाल्या, शब्दकोशात तक्रार आहे की नाही, एवढंच सांगा. मी सर्वेशकडे बघितलं. तो साखळीचा, दर वर्षी देवळात पहिल्या रांगेत उभा राहून 'होय महाराजा' म्हणणारा. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, "कर गो खूण आणि मोकळी हो. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. पुण्याचा माणूस गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच म्हणेल. मी 'होय'वर खूण केली आणि खाली सही केली. तुला काढल्याच्या पत्रात 'भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याने अर्थ पडताळला आहे' असं जे लिहिलंय, तो सहकारी मी. पंधरा दिवसांनी मला ती खोली मिळाली.

आणि तुझा तो फोन. सगळं झाल्यावर तू विचारलंस, "विनू, कोण असात गो तो? तुका कोण वाटता?" मी त्याच खोलीत होते. तुझं घर पडद्यावर उघडं होतं. मी म्हणाले, "माका काय माहीत गो," आणि तेवढ्यात फोटो बदलला. तू फोन कानाला लावून समोरच्या भिंतीला टेकून उभी होतीस, मान होकारात झुकलेली. विश्वास बसल्यासारखी. मी खोटं बोलले आणि ते तुझ्या चेहऱ्यावर पोचलेलं बघितलं, हे कोणाच्या नशिबी येऊ नये.

त्या संध्याकाळी मी यादीत माझं स्वतःचं नाव शोधलं. होतं. त्याच मिनिटाचा फोटो होता: मी, फोन कानाला, नजर पडद्यावर. यंत्र फोटोखाली माणसाची मनःस्थितीही लिहितं. तुझ्याखाली 'अस्वस्थ' लिहिलं होतं. माझ्याखाली 'शांत'. पाहिलं : ४.

म्हणजे हेड ऑफिसला ठाऊक आहे की मी तुझ्याशी बोलते, आणि मी काही बोलणार नाही अशी त्यांची खात्री आहे. तो चेहरा बघून माझीही झाली असती.

मी चौदा तारखेला येते. शब्दाचा अर्थ सांगायला नाही, तो वकीलबाईंना कोणीही सांगेल. चौकोनात खूण कोणी केली, कशी करून घेतली, आणि तुझ्या घराचे फोटो कुठल्या खोलीत कोण बघतं, हे सांगायला. ह्यांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी जातली." मी म्हटलं, जातली. त्या दिवशी ते मला स्कूटरवरून सोडणार आहेत. मी साडेदहाला लेबर ऑफिसच्या पायऱ्यांपाशी असेन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, वकीलबाईंना पाठव. मामंजींना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी शिव्या घातल्या तर ऐकून घेईन.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर घालायचं नाही.

सोबतच्या कागदावर हेच सगळं थोडक्यात लिहून सही केली आहे. वकीलबाईंना पूर्ण नाव, वय आणि पत्ता लागेल, म्हणून इथेही तसंच लिहिते.

विनोदिनी अनंत गावस,
वय ३६, राहणार मुळगाव, तालुका डिचोली.
लिहिलेलं वाचलं. खरं आहे.