सातव्या पिशवीतली माती

मॅडम, आज सकाळपासून हे तिसरं पान. पहिली दोन फाडली, कारण दोन्हींत मी आधी तुमच्या तब्येतीची चौकशी केली होती, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ते बरं दिसत नाही. चार ओळी लिहिते, उठते, इन्क्युबेटरच्या काचेतून आत बघते, परत येऊन बसते. खुर्ची तुमचीच आहे, फक्त वेत बदलून घेतलाय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बस वं एका जागी. जिवाणू काय तुझ्याकडे बघून वाढणार आहेत का?"

नरखेडकडची ती संत्र्याची बाग तुम्हाला आठवत असेलच. सगळी झाडं डिंक्या रोगाने वाळत चाललेली आणि मधलं एकच हिरवंगार. त्या झाडाचं तुम्हाला वेडच लागलं होतं. त्याच्या मुळाशी कोणीतरी जिवाणू राहतो आणि असा काही रेणू बनवतो, की रोगाची बुरशी जवळ येत नाही, असं तुमचं म्हणणं. तुम्ही मला एकटीला पाठवलंत. सात झाडं, सात खाकी पिशव्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनेच लिहायचं, कारण ओलाव्याने शाई फुटते, आणि एक चिठ्ठी आतही टाकायची: कुठलं शेत, कितवं झाड, कोणी खणलं. रेणू सापडो न सापडो, आधी त्याचं गाव लिही, हे तुम्ही प्रत्येक नव्या पोरीला सांगायचात. सातवी पिशवी त्या हिरव्या झाडाची होती. परतीच्या एसटीत कोणीतरी तिच्यावर कांद्याचं पोतं टेकवलं, ती तळातून फाटली, आणि नागपूरला उतरताना माझ्या हातात चिठ्ठी तेवढी उरली होती.

आदल्याच आठवड्यात माझ्या हातून फ्लास्क फुटला होता आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझ्या हातात काही टिकत नाही." ते अजून अंगात होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली बोगनवेलीचा वाफा आहे ना, जिथे आपण चहाचा चोथा टाकायचो आणि धुण्याचं पाणी सोडायचो, तिथली माती मी नव्या पिशवीत भरली आणि तीच चिठ्ठी आत टाकली. पुढच्या रविवारी जाऊन खरी माती आणायची आणि गुपचूप बदलायची, असं ठरवलं होतं. पण त्याआधीच प्लेटवर विटकरी रंगाची ती कॉलनी उगवली. सहा पिशव्यांत काही नाही, फक्त सातवीत, आणि तिच्याभोवती बुरशी हटून झालेलं स्वच्छ कडं. तुम्ही पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवलात. मी तोंड उघडलंच नाही.

मग काय, रसायनशास्त्रवाल्यांनी तो रेणू वेगळा काढला, पदार्थविज्ञानवाल्यांनी आपल्या यंत्रात घालून त्याची ठेवण शोधली, आणि छापून आलेल्या शोधनिबंधात उगम म्हणून ती बाग लिहिली गेली. तुम्हाला त्या जिवाणूच्या भाऊबंदांचा शोध घ्यायचा होता, म्हणून आपण पुन्हा गेलो. पुन्हा आणि पुन्हा, वर्षानुवर्षं, एप्रिलच्या उन्हातसुद्धा डोक्याला ओला रुमाल बांधून. बागवाले काका म्हणायचे, "मॅडम, इतकी माती नेऊन राहिल्या तुम्ही, झाडाले तरी काही ठेवा." तुम्ही हसायचात. सापडलं कधीच काही नाही. परतताना म्हणायचात, "आपलंच काहीतरी चुकतंय." ते "आपलंच" आठवलं की मला आजही या खुर्चीत बसवत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत डीप फ्रीझर बंद पडला आणि त्यात जपलेला तुमचा तो जिवाणू मेला. त्याच्या बाकीच्या नळ्या कधीच सुकल्या होत्या. माझ्या एका विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे. ती दोनदा नरखेडला जाऊन हात हलवत परत आली आणि तिसऱ्यांदा निघाली होती. मला म्हणाली, "मॅडम, जुन्या चिठ्ठीवर तुमच्याच अक्षरात सोर्स लिहिला आहे. मग मलेच काहून सापडत नाही? माझ्याच हाताले काही नाही जमत." मॅडम, ते ऐकून मी दाराबाहेर गेले, वाफ्यातली चमचाभर माती पिशवीत भरली, वर काही न लिहिता तिला दिली आणि म्हटलं, थांब, आधी ही लावून बघ.

हे दहा दिवसांपूर्वीचं. आज सकाळी ती प्लेट दोन्ही हातांत धरून आली. विटकरी कॉलनी, भोवती कडं. रेणू तोच आहे की नाही ते रसायनशास्त्रवाले सांगतील, पण मला ओळख पटली. "ही माती कुठली?" तिने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. तिने प्लेट टेबलावर ठेवली.

"म्हणजे त्या मॅडम इतकी वर्षं उगाच जाऊन राहिल्या होत्या? तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"भीती वाटली," मी म्हटलं. तिला ते पटलं. तिने पेन्सिल घेतली, पिशवीवर खिडकीखालचा वाफा असं लिहिलं आणि कोणी खणलं त्याच्यापुढे माझं नाव. निबंध छापणाऱ्या मासिकाला आता दुरुस्तीचं पत्र लिहायचं आहे. ते मी पाठवीन. हे कुठे पाठवणार?

पण तिला जे सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं. भीती पहिलं वर्षभर होती. पुढे तुम्ही मला रागवेनाशाही झाला होता, सांगता आलं असतं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीची जागा मला द्यायचात, बागवाल्यांनी दिलेलं संत्रं सोलायचात आणि शिरा काढून एकेक फोड माझ्या तळहातावर ठेवायचात. मला असं फळ सोलून घरी कधी कोणी दिलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर आपलं जाणं थांबलं असतं. म्हणून नाही सांगितलं.