चंपतमामांना दोन मिनिटांची श्रद्धांजली

तीर्थरूप चंपतमामांच्या पायाशी पुष्करचा नमस्कार. या वेळी डोकं टेकवून जरा जास्त वेळ तसाच थांबलो आहे, असं समजा.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा, खोकला, बीपीची गोळी, सगळं सविस्तर कळवा. (दर पत्रात हे मी सवयीनं लिहितो, आज मनापासून विचारतो आहे.) जेवण जातं ना? सकाळी संत्र्याच्या बगिच्यात चक्कर होते ना? गावातल्या चार लोकांनी तुम्हाला रोज चालताबोलताना पाहावं, एवढीच सध्या माझी इच्छा आहे. पार्वतीमामींनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नका. फोनवर हे बोलता आलं नसतं, कारण मामी फोन स्पीकरवर टाकतात आणि मग अख्खी गल्ली ऐकते. म्हणून कागदावर लिहितो आहे. उद्या आमच्या दुकानातला एक जण नरखेडला जातो आहे, तो तुमच्याच हातात देईल. तुम्हाला पाहून तो दचकला, तर त्याचं मनावर घेऊ नका.

कारण असं की गेल्या रविवारी नागपुरात विज्ञानकथा साहित्य संमेलन झालं आणि त्यात मी भाषण केलं. गांधीबागेच्या ठोक दुकानात अस्तराचे तागे मोजणाऱ्या माणसाला तिथं कोणी बोलावलं, असं तुम्ही विचाराल. त्यांनी बोलावलं ते एका दिवाळी अंकात आलेल्या माझ्या कथेमुळे. (‘माझ्या’ लिहिताना हात अडला, ते पुढे सांगतो.) कथेत एका माणसाच्या विहिरीवर मोटर आहे, आणि ती मोटर उद्याचं पाणी आज ओढते. आधी उद्याचं, मग पुढच्या वर्षीचं, मग त्याच्या पोराच्या वाट्याचं. ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. मी बारा वर्षांचा असताना तुम्ही विहिरीच्या काठावर बिघडलेली मोटर खोलून बसला होता, मी पाने-पक्कड हातात देत होतो, आणि तेव्हा तुम्हीच ही गोष्ट मला सांगितली होती. अंकात खाली नाव मात्र माझं छापलं आहे. तुम्हाला विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर भीती वाटली, म्हणून राहू दिलं.

संमेलनाच्या आधी आठ दिवस माझी झोप उडाली होती. भाषणाचा विषय होता ‘माझ्या कथेचं बीज’. चोराला चोरीवरच बोलायला उभं करावं, तसा प्रकार. स्टेजवर मोठमोठी माणसं, कोणी प्राध्यापक, कोणी वेधशाळेतून निवृत्त झालेले, आणि सगळे कृष्णविवराबद्दल शेजारच्या घराबद्दल बोलावं तसे सहज बोलत होते. मी टेबलावरच्या सॅटिनकडे पाहत बसलो. कापड आमच्याच दुकानातलं होतं, पन्ना म्हणजे रुंदी चव्वेचाळीस इंच, आणि कडेला विणीतला दोष होता. तेवढ्या एका गोष्टीत त्या हॉलमध्ये माझ्याइतकं ज्ञान कोणाला नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी तीच कड धरून उठलो, त्यामुळे टेबलावरचे दोन पाण्याचे ग्लास अध्यक्षांच्या मांडीवर गेले. (‘उद्याचं पाणी आज मिळालं’ असं ते म्हणाले, लोक हसले. मी हसू शकलो नाही.)

भाषण मी कसंबसं ओढलं. ‘ग्रामीण वास्तव’ सहा वेळा आणि ‘काळाची संकल्पना’ नऊ वेळा म्हटलं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. मोनाली नावाची इंजिनिअरिंगची एक मुलगी उठली आणि मोटर किती हॉर्सपॉवरची, पाणी किती खोल, वाइंडिंग जळायला हवं होतं ते जळलं कसं नाही, असं एकापाठोपाठ विचारू लागली. मामा, मला आमच्या घरच्या मिक्सरची हॉर्सपॉवर माहीत नाही. घाम फुटला आणि तोंडातून निघून गेलं की ही कल्पना मुळात माझ्या मामांची. क्षणभर फार हलकं वाटलं. पण ती लगेच म्हणाली, मग त्यांनाच विचारू, त्यांचा नंबर द्या. आता नंबर दिला तर तुम्हाला कथा कळणार, खाली छापलेलं नाव कळणार, आणि तुम्ही काही न बोलता नुसतं ‘बरं’ म्हणणार. तुमचं ते ‘बरं’ माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी सांगून टाकलं की मामा गेल्याच वर्षी वारले.

इथपर्यंत वाचलंत, तर खाली बसा आणि पाणी प्या.

त्यावर गोष्ट मिटली असती. पण संयोजक शोभाताई फार शिस्तीच्या. सकाळी उद्घाटनालाच वर्षभरात गेलेल्या साहित्यिकांची यादी वाचून श्रद्धांजली झाली होती. इतकं मोठं नाव आपल्या यादीतून सुटलं म्हणून त्यांनी माइकवरून सगळ्यांची माफी मागितली, मला तुमचं पूर्ण नाव विचारलं, आणि तीनशे माणसं ‘कैलासवासी चंपतराव’ यांच्यासाठी दोन मिनिटं उभी राहिली. मीही उभा राहिलो. आणि मामा, एका मिनिटानंतर, त्या शांततेत, माझा फोन वाजला. वेळ पाहायला तो मी समोरच ठेवला होता. अध्यक्षांनी वाकून पाहिलं. फोनच्या पडद्यावर अक्षरं होती: चंपतमामा.

विज्ञानकथेचं संमेलन असूनही कोणी पुढे येऊन हा फोन उचलला नाही. मी तो कापला. तुम्ही परत केला. मी परत कापला. असं चार वेळा झालं. मग मी सांगितलं की मामींनी त्यांचा नंबर अजून चालू ठेवला आहे, एकटं वाटलं की त्यावरून मला फोन लावतात. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. डोळे मिटून उभा असताना एकदम वाटलं होतं की हे खरंच असतं तर? मग ती गोष्ट मला कोणाकडून पुरती ऐकता आली असती? त्या दिवशी मामींनी जेवायला हाक मारली आणि तुम्ही शेवट न सांगताच उठलात. अंकात शेवटी मी आपल्या मनानं मोटर बंद करून टाकली आहे.

बाकी इकडे सर्व ठीक. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
पुष्कर

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. तुमच्या नावानं दरवर्षी स्मृतिपुरस्कार द्यायचं ठरलं आहे. येत्या रविवारी सकाळी अकराला शोभाताई आणि मंडळ मामींना शालश्रीफळ द्यायला तुमच्या घरी येत आहे. तुमच्या फोटोसाठी हारही आणणार आहेत. तर तेवढा दिवस तुम्ही लांबच्या बगिच्यात थांबाल का? आणि मामींना कपाळावरच्या कुंकवाचं काही बोलू नका, तेवढं मी शोभाताईंना ‘पुरोगामी घर आहे’ म्हणून सांगेन.

ता. क. २ : वरची विनंती रद्द समजा. हे लिहून संपवेपर्यंत तुमच्या भाचेसुनेनं, नूपुरनं मागून सगळं वाचलं आणि माझ्यादेखत तुमच्या घरी फोन लावला. मला आत्ता कळतं आहे की अंक तिनं दिवाळीतच तुम्हाला पाठवला होता, मामींनी तो तुम्हाला दोनदा वाचून दाखवला होता, आणि रविवारचे ते चार फोन माझं भाषण ऐकायला होते. मी बोलायला फोन मागितला, तर तुम्ही नको म्हणालात. तिलाच म्हणालात, “मेलो त मेलो वं पोरी, पण त्यानं शेवट काहून बदलवला? रविवारी मी घरीच हावो. येऊ दे त्याले.”

‘बरं’ म्हणाला नाहीत, यातच मला सगळं मिळालं. रविवारी दहाच्या आत येतो, हार तुमच्या गळ्यात मीच घालीन आणि शोभाताईंना जे सांगायचं ते तुमच्या शेजारी उभा राहून सांगेन.

ता. क. ३ : मामा, मोटर बंद केली नाही, तर मग त्या माणसानं काय केलं? पत्र नेणाऱ्याजवळ एका ओळीत लिहून द्या. एकतीस वर्षं थांबलो, पण रविवारपर्यंत थांबवत नाही.